बोटीला मोटारीचं सामान लावू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी मोटरबोट घरच्या घरी दुरुस्त करण्यावर लेख आला होता. वाचायला छान, फोटोही झकास. पण फायबरच्या कामाबद्दल त्यात म्हटलंय की रेझिनचं (फायबरचे थर बांधणाऱ्या चिकट द्रावाचं) हार्डनर आणि ॲक्सिलरेटर आधीच एकत्र करून बाटलीत भरून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी धांदल होत नाही. हे वाक्य कृपया उद्याच्या अंकात दुरुस्त करा. पत्र छापा न छापा, एवढं कराच.

पॉलिएस्टर रेझिनबरोबर दुकानदार दोन बाटल्या देतो. एकीत जांभळट कोबाल्ट, म्हणजे ॲक्सिलरेटर. दुसरीत बिनरंगाचं एमईकेपी; त्याला कुणी कॅटॅलिस्ट म्हणतं, कुणी हार्डनर. ही दोन थेट एकमेकांत पडली तर स्फोट होऊ शकतो. नुसता धूर नव्हे, स्फोट. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून चांगलं घोटायचं आणि मग, काचतंतूंची मॅट अंथरून ब्रश हातात घेतल्यावर, एमईकेपी. प्रमाण दोन्हीचं साधारण शेकडा १ ते २, डब्यावर लिहिलेलं असेल ते खरं. मोजायची मापं वेगवेगळी ठेवायची. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल लावायचा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवायची. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात एका वेळी पाव-अर्धा किलोच्या वर कालवूच नये. मग्यातच तापून धुरायला लागतं.

हे सांगणारा मी कोण, तर माझी सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये विमानांच्या वायरिंगवर झाली. आधी मिग, पुढे सुखोई. निवृत्तीनंतर अलिबागकडच्या मेव्हण्याने एक जुनी मोटर यॉट घेतली: सव्वीस फुटी, फायबरची, केबिनवाली, एक डिझेल इंजिन, बनावट ऐंशीच्या दशकातली. घेतली म्हणजे काय, खाडीच्या चिखलात उभी होती ती उचलून न्यायचं भाडं भरलं आणि वर मालकाच्या हातावर थोडे पैसे ठेवले. खर्चात निम्मी भागीदारी माझी, कष्टात निम्म्याच्या बरीच वर. सौ. म्हणतात, भावाने बरोब्बर माणूस हेरला.

समुद्रातली बोट डोंगरावर कशाला आणली, हे अंबडमधल्या चहावाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. कारण सरळ आहे. फायबरची बोट वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की पाणी जेलकोटमधून, म्हणजे वरच्या चकचकीत थरातून, आत झिरपतं आणि खालच्या अंगाला फोड येतात. फोड फोडला की आंबूस वासाचा चिकट द्राव येतो. तो सगळा घासून काढायचा, तळ गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचा (तो द्रावच हवेतली ओल ओढत राहतो, नुसतं वाळवून भागत नाही) आणि मग महिनोन् महिने कोरडा होऊ द्यायचा. तो खरोखर सुकल्याशिवाय वर इपॉक्सी (पाणी अडवणारं दुसऱ्या जातीचं रेझिन) चढवलं तर ओल आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. किनाऱ्यावर हवाच दमट, तिथे सुकणार कधी? नाशिकचा उन्हाळा त्या मानाने फुकटची भट्टी आहे. म्हणून शिमग्याच्या सुमाराला ट्रेलरवर घालून कसारा घाटातून बोट वर आणली. रुंदी अडीच मीटरच्या आत होती म्हणून रस्त्यावर फारसा त्रास झाला नाही. उतरवायला हायड्रा क्रेन लागली.

तळ सुकला की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन तळाला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दुपारचं ऊन खाऊ द्यायचं. आतल्या बाजूने दवासारखे थेंब धरले तर अजून थांबा. आमच्या बोटीला चैत्रभर थेंब येत होते. मेव्हणा दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "दाजी, घाम आटला का?"

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या लेखकाचं म्हणणं असं की कुठलाही चांगला मोटार मेकॅनिक बोट दुरुस्त करू शकतो आणि सामान गॅरेजच्या बाजारात मिळतं. पहिलं अर्धं खरं आहे. हात तेच लागतात. दुसरं मात्र साफ चूक आहे आणि जुन्या बोटींचं जे वाटोळं होतं ते बहुतेक याच समजुतीने होतं. मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. बोटीला कडच नसते.

आमच्याच बोटीचं सांगतो. टॉयलेटला समुद्राचं पाणी घेणारा एक व्हॉल्व्ह तळाला होता, पाण्याच्या पातळीच्या खाली. आधीच्या मालकाने कधीतरी नळकामाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह आणून बसवला होता. वरून हिरवट, बाकी ठाकठीक. शेडमध्ये बोट कोरड्यात उभी असताना मी सहज हँडल फिरवलं. फिरलं नाही म्हणून जरा जोर दिला, तर वरचा अख्खा भाग हँडलसकट माझ्या हातात आला. तुटलेली कड शिळ्या भाकरीसारखी भुसभुशीत आणि रंगाने चक्क गुलाबी. मेव्हणा बघत राहिला. म्हणाला, "पण दाजी, परवापर्यंत चालू होता की!"

चालू होताच. नळाच्या साध्या पितळेत तांब्याबरोबर चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे उरतो तो तांब्याचा पोकळ सांगाडा. आकार तोच, ताकद शून्य. हे ओळखायला चाकूच्या टोकाने ओरखडा काढायचा: पिवळं चकाकलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर त्याच दिवशी बदला. बदलताना गनमेटल (कथील घातलेलं कांसं) किंवा काचतंतू घातलेला नायलॉनचा व्हॉल्व्ह घ्यायचा. होजला दोन-दोन क्लिपा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या भोकात बसेल असा निमुळता लाकडी खुंटा दोरीने बांधून ठेवायचा. रेवसकडचे मच्छीमार हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत.

दीड इंचाचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर मोकळं झालं तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं. बाजारातला लहान बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, ज्याच्यावर ताशी २००० लिटर असं ऐटीत छापलेलं असतं, तो मिनिटाला ३३ लिटर काढतो. तेही कागदावर. पाणी चार फूट वर चढवायचं असलं आणि बॅटरी उतरलेली असली की त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे पंप आहे म्हणून झोप काढता येत नाही. तो ग्लँडमधून येणारे थेंब काढण्यासाठी आहे, बोट वाचवण्यासाठी नाही. ग्लँडवरून आठवलं: पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो तिथला ग्लँड शाफ्ट फिरताना थोडा थेंबथेंब गळायलाच हवा, पारंपरिक पॅकिंगचा असेल तर. नवशिके तो गळतो म्हणून पिळून पिळून कोरडा करतात, मग पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडतो.

वायरिंग हा माझा प्रांत, त्यामुळे इथे थोडं जास्त लिहिणार आहे.

आमच्या बोटीत घरगुती वायर होती. काही ठिकाणी तर चक्क एकतारी, जाड, भिंतीतल्या पाइपातून नेतात ती. जोड पीळ मारून टेपने गुंडाळलेले. टेप सोडला की आत काळी पूड. साधं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं आणि ते काळेपण आवरणाच्या आतून हातभर पुढे सरकतं. टोक कापून नवं तांबं शोधायला गेलं तर सापडतच नाही. एकतारी वायर इंजिनच्या थरथरीने आतल्या आत तुटते. म्हणून बोटीत बारीक तारांची, कथील चढवलेली वायर लागते. तशी 'मरीन' छापाची वायर मुंबईहून मागवायची तर खिसा रिकामा होतो. पण तिची जवळची नातलग नाशिकमध्ये हवी तेवढी मिळते: छतावरच्या सोलर पॅनेलची डीसी केबल. बारीक तारा, तांब्यावर कथील, दुहेरी आवरण, ऊन-पाणी सोसणारी. चार आणि सहा चौरस मिलिमीटरची कुठल्याही सोलरवाल्याकडे मीटरवर मिळते. जाड आहे, वळवायला जरा आडमुठी आहे, आणि बारीक दिव्यांना उगाच भारी पडते. पण पंप, नांगराचा विंच सोडून बाकीचे मोठे लोड आणि मुख्य पॅनेल यांना चोख.

जाडी का महत्त्वाची, ते आकड्यात बघा. पंप ५ ॲम्पिअर घेतो, बॅटरीपासून ६ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेतच ०.७ व्होल्ट गळतात. १२ व्होल्टात हे जवळजवळ सहा टक्के झाले. चार चौरसची घातली तर ०.२६ व्होल्ट, दोन टक्क्यांच्या थोडं वर. पंप, नेव्हिगेशनचे दिवे, रेडिओ अशा जीवावरच्या गोष्टींना तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं, हा जगभरातल्या बोटवाल्यांचा शिरस्ता आहे. घरात २३० व्होल्टांवर ०.७ व्होल्ट गळले तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे पंप कण्हायला लागतो.

जोड सोल्डरवर सोडू नयेत. सोल्डर वर चढून तार कडक करतं आणि कडक झालेली तार जिथे संपते तिथेच ती थरथरीने मोडते. थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) योग्य मापाचं घ्यायचं, चांगल्या पंचिंग टूलने दाबायचं (पक्कडीने नाही!), मग हातात धरून जोरात ओढून बघायचं, आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. विमानात आम्ही हेच करायचो. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबर आणि वहीत त्याची नोंद. मेव्हण्याला ही वही म्हणजे सरकारी खाक्या वाटतो. रात्री भर खाडीत दिवा गेला की तीच वही मागेल. आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. पॅनेलवर बसवलेला फ्यूज पॅनेलच्या पुढच्या वायरीला वाचवतो. बॅटरी ते पॅनेल या मधल्या पल्ल्याला काहीच संरक्षण नसतं, आणि आग तिथेच लागते.

एक नवी टूम: ई-रिक्षातली लिथियम बॅटरी काढून बोटीत बसवणं. कृपा करून हे करू नका. लिथियम बॅटरी चार्ज होताना मागेल तेवढा करंट ओढते, इंजिनवरचा साधा अल्टरनेटर तिला देत देत तापून जळतो. लिथियमच हवी असेल तर मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, आणि त्याचा खर्च धरला की साधी ट्यूब्युलर बॅटरी पुन्हा सुंदर दिसायला लागते.

पेट्रोल इंजिनवाल्यांची गोष्ट आणखी नाजूक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीत ती खाली रस्त्यावर पडून उडून जाते, बोटीत तळाशी साचून बसते. तिथे मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवला, ज्याची ठिणगी उघडी असते, तर एका ठिणगीत काम तमाम. बोटीचे स्टार्टर बंदिस्त असतात, किंमत त्याचीच असते. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा आणि नाक खाली नेऊन वास घ्यायचा. केबिनमधला स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जडच. घरचा लाल सिलिंडर ओट्याखाली सारून चहा करणाऱ्या बोटी मी पाहिल्या आहेत. सिलिंडर बाहेर, खाली भोक असलेल्या पेटीत हवा. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप फुगवतं, फायबरच्या जुन्या टाक्यांना मऊ करतं आणि हवेतली ओल पिऊन टाकीच्या तळाशी पाण्याचा थर करतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची बोट या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. पाइप आधी बदला, मग रंगाचं बघा.

डिझेलवाल्यांनी फार खूश होऊ नये. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत पाणी धरतं आणि त्या पाण्यावर काळी शेवाळासारखी घाण वाढते. फिल्टर तुंबतो तो नेमका लाटांत, कारण टाकीचा तळ तेव्हाच ढवळतो.

इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो. कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत फाटतो. आमच्या गॅरेजवाल्या मित्राला हा अवयव ठाऊकच नव्हता, त्याने रेडिएटर शोधला. इम्पेलर वर्षाला बदलायचा, आणि पाकळ्या तुटलेल्या असतील तर सगळे तुकडे जुळवून बघायचे. एक कमी भरला तर तो हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी बसलेला आहे असं समजून उघडायचं.

स्टीलबद्दल थोडक्यात. नाशिकच्या हार्डवेअरमध्ये स्टेनलेस म्हणून मिळतं ते बहुधा ३०४ किंवा त्याहून हलकं. समुद्राला ३१६ लागतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो. लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे एक बाटली असते, थेंब टाकून छोटी बॅटरी टेकवतात, रंग बदलला की मॉलिब्डेनम आहे, म्हणजे ३१६. तेवढी परीक्षा करून घ्यावी. प्लायवूड घेताना आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का बघावा, ३०३ नको. डेंटिंगवाल्याची पुट्टी पाण्याखालच्या भागाला मुळीच लावू नये, ती पाणी पिते. सिलिकॉनही नको, एकदा लावलं की त्या जागेवर पुढे रंगसुद्धा धरत नाही.

डेकचं काम आमचं अजून बाकी आहे. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे आणि आधीच्या मालकाने हौसेने जागोजाग स्क्रू मारून ठेवले आहेत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की टणटण वाजता वाजता एकदम बद्द आवाज येतो, तिथे खाली लगदा झालेला असतो. भोक मोठं करायचं, कुजकं खरवडायचं, घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्यात नवं भोक पाडायचं, म्हणजे स्क्रूला लाकूड दिसतच नाही. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो, पाऊसपाण्याच्या हवेत जास्तच. तो आधी पाण्याने धुवायचा, मग घासायचं. उलट केलं तर मेण आतच घासलं जातं. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, तेव्हा वर रंगच लावायचा.

गंगापूर धरणावर बोटी ठेवणाऱ्यांना एक सांगणं. समुद्री बोटीच्या तळाला गंज स्वतःवर ओढून घेणारा जस्ताचा तुकडा असतो. गोड्या पाण्यात त्या जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते निकामी होतं. इथे मॅग्नेशियम लागतं. मुंबईहून जुनी बोट आणून जशीच्या तशी धरणात सोडली तर पंखा आणि शाफ्ट राखायला कोणी नाही. बोट उलट दिशेने, आमच्यासारखी, समुद्राकडे चालली असेल तर मॅग्नेशियम काढून जस्त लावायचं. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम बघता बघता संपतं.

कागदपत्रांचं लेखात काहीच नव्हतं. समुद्राकडच्या बोटींची नोंदणी-तपासणी आपल्याकडे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं; नद्या-जलाशयांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. घरच्या घरी इंजिन बदललं किंवा केबिन वाढवली तर ते कळवावं लागतं. विमावाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

एक सूचना करतो. सातपूरच्या आयटीआयमध्ये वायरमन, फिटर, डिझेल मेकॅनिक अशी मुलं दरवर्षी तयार होतात. त्यांना अभ्यासाबाहेरचं दोन-तीन आठवड्यांचं लहान बोटींचं काम शिकवलं तर कोकणातल्या पर्यटनाच्या बोटींना उन्हाळ्यात दुरुस्तीला माणसं मिळतील आणि मुलांना हंगामी का होईना चार पैसे. आमची बोट नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात जाईल. तोवर वायरिंग उघडं आहे आणि शिकवायला मी रिकामाच आहे. प्राचार्यांनी मुलं पाठवावीत, चहा आमच्याकडे.

पत्र लांबलं. जागा कमी पडली तर स्टील-प्लायवूडचा परिच्छेद खुशाल गाळा, पण पंपाचा आणि वायरीचा हिशेब कापू नका. आकडे छापताना दशांश चिन्ह तेवढं बघून घ्या, ०.७ चं ७ झालं तर मला फोन येतील.

आपला वाचक,
एक निवृत्त तंत्रज्ञ
सिडको, नाशिक